'मंडळीला काढले' ही बातमी कशी वाचावी

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, म्हणजे बॅप्टिस्ट चर्चांच्या संघटनेने, एखाद्या मंडळीला (स्थानिक चर्चला) काढले, असे वाचले की आधी डोक्यातला बिशप बाजूला ठेवा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप असतो, त्याच्या हाती अधिकार असतो. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र: पाळक (पास्टर) तीच नेमते, इमारतही तिचीच. त्यामुळे 'काढले' म्हणून पाळकाची नोकरी जात नाही की दाराला कुलूप लागत नाही. मंडळीचा वार्षिक सभेत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क तेवढा जातो.

मग निर्णय कोणाचा, ते पाहा. क्रेडेन्शियल्स कमिटी (मंडळ्यांची पात्रता तपासणारी समिती) शिफारस करते, एक्झिक्युटिव्ह कमिटी (कार्यकारी समिती) ठराव करते, अपील वार्षिक सभेपुढे जाते. स्त्री पाळकाच्या मुद्द्यावर काढलेल्या कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चबद्दल म्हणूनच दोन तारखा दिसतात: फेब्रुवारी 2023 मध्ये ठराव झाला, जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सला 9,437 विरुद्ध 1,212 मतांनी अपील फेटाळले गेले. दोन्ही बरोबर.

आता कलम शोधा. 'बॅप्टिस्ट फेथ अँड मेसेज' या कन्व्हेन्शनच्या मतांगीकाराच्या (श्रद्धेच्या लेखी निवेदनाच्या) 2000 सालच्या आवृत्तीत पाळकपद पुरुषांपुरतेच आहे. 1963 च्या आवृत्तीत ही अट नव्हती. पण कन्व्हेन्शनच्या घटनेची अपेक्षा एवढीच, की मंडळीचा विश्वास आणि व्यवहार या मतांगीकाराशी निकटचा असावा. निकटचा म्हणजे किती? सगळी ओढाताण तिथेच. मुलांच्या विभागाची प्रमुख नुसती 'पाळक' म्हणवत असेल तर ते पद धरायचे की नाव? स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असे सांगणारे बायबलमधले वचन 1 तीमथ्य 2:12 दोन्ही बाजूंच्या तोंडी असते, तेव्हा 'बायबल मानणारे विरुद्ध न मानणारे' अशी फाळणी करू नका.

सर्वाधिक घोटाळा आकड्यांत होतो. 2023 मध्ये सॅडलबॅकविरुद्ध 88 टक्के मते पडली. 2024 मध्ये इंडियानापोलिसला स्त्री पाळकांविरुद्धची घटनादुरुस्ती 61 टक्के मिळूनही पडली. म्हणजे भूमिका सौम्य झाली? मुळीच नाही. अपिलाला साधे बहुमत लागते, तर घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन वार्षिक सभांत दोन-तृतीयांश. त्याच सभेत स्त्री पाळकांच्याच मुद्द्यावर व्हर्जिनियातली अलेक्झांड्रियाची फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च सुमारे 92 टक्के मतांनी बाहेर गेली. दुरुस्ती नाकारणाऱ्यांपैकी अनेकांना स्त्री पाळक नकोच होत्या. हातातले नियम पुरेसे आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे.

शेवटी क्रियापद तपासा. एलिव्हेशन चर्च या मंडळीने जून 2023 मध्ये कन्व्हेन्शनशी संबंध स्वतःहून तोडले. तिला 'काढले' लिहिणे चूक.