कडक गाठ आणि ब्रेस्ट कॅन्सर: जेलवर पेशी वाढवताना या चुका टाळा

ब्रेस्टमधली गाठ हाताला कडक लागते हे सगळ्यांना माहिती आहे, पण कडकपणा हा कॅन्सरचा फक्त परिणाम आहे असं धरून कामाला लागलात तर पुढचे प्रयोगसुद्धा चुकीच्या दिशेने जातात. लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम कोलॅजन या प्रोटीनचे धागे एकमेकांना बांधत जातं, टिश्यू ताठ होते, पेशींना तो ताण त्यांच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन प्रोटीनमधून कळतो, मग त्याही आतून जास्त जोर लावतात आणि धागे अजून ताणले जातात. २००९ मध्ये उंदरांवर हे एन्झाइम रोखून बघितलं तेव्हा गाठी उशिरा आल्या आणि कमी आल्या. म्हणजे कडकपणा स्वतःच पेशींना ढकलतो.

आता सगळ्यात कॉमन चूक. पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवायच्या आणि निष्कर्ष काढायचा शरीराबद्दल! उंदराची नॉर्मल मॅमरी ग्लँड साधारण १७० पास्कल (हे कडकपणाचं माप), गाठ ४००० च्या आसपास, आणि प्लास्टिक त्याच्या लाखो पट कडक, त्यामुळे तिथे तुमच्या "नॉर्मल" पेशीसुद्धा नॉर्मल वागत नसतात, कडकपणा कळला की पेशीला वाढायला लावणारं याप (YAP) नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये जाऊन बसलेलं असतं.

मग लोक प्लास्टिकऐवजी मऊ कोलॅजन जेलकडे वळतात आणि कडक करायला कोलॅजन वाढवतात. इथे थांबा. कोलॅजन वाढवलं की कडकपणा वाढतो, पण पेशीला धरायच्या जागाही वाढतात आणि जाळीची भोकंही लहान होतात, मग फरक नेमका कशाने पडला हे सांगणार कसं? पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या कृत्रिम जेलमध्ये क्रॉसलिंकर (जेलच्या साखळ्या एकमेकांना जोडणारं रसायन) बदलून कडकपणा वेगळा करता येतो, वर कोलॅजनचा थर सगळीकडे सारखाच द्यायचा.

त्या जेलवर पेशी चिकटतच नाहीत ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकलीये, आणि बहुतेक वेळा पेशींचा काही दोष नसतो. प्रोटीन जेलला चिकटवणारं रसायन, सल्फो-सॅनपाह, पाण्यात विरघळवून ठेवलं की खराब होतं, म्हणून ते लावायच्या अगदी आधी बनवा, यूव्हीखाली रंग नारिंगीवरून तपकिरी झाला की नाही ते बघा, मगच प्रोटीन घाला. आणि जेल नीट धुवा, कारण उरलेलं अ‍ॅक्रिलामाइड पेशींना विषारी असतं. पेशी चिकटल्या पण सगळ्या जेलवर सारख्याच पसरल्या तर जाडी तपासा, जेल फार पातळ असेल तर पेशीला खालची काच जाणवते. कडकपणाही जेल मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) फुगल्यावर मोजा, रेसिपीतला आकडा तसाच लिहू नका.

अजून एक गोंधळ म्हणजे गाठ कडक आहे तर कॅन्सरची पेशीही कडक असणार असं मानणं. उलट, पसरणाऱ्या पेशी बऱ्याचदा नॉर्मलपेक्षा मऊ निघतात, अरुंद जागेतून घुसायला तेच सोयीचं पडतं. मोजताना एक पेशी मोजताय की टिश्यू, हे आधी ठरवा.

आणि हे लॅबबाहेरच्यांसाठी, कळकळीने सांगते. मॅमोग्रामच्या रिपोर्टमध्ये "डेन्स" लिहिलंय म्हणजे ब्रेस्ट कडक आहे असं नाही, चरबी कमी आणि ग्लँड-धागे जास्त, एवढाच अर्थ. हाताने ते कळत नाही, पण त्याने धोका वाढतो आणि गाठही झाकली जाते, म्हणून पुढे काय तपासायचं ते डॉक्टरांना नक्की विचारा. गाठ मऊ लागली म्हणून सोडून देऊ नका, काही कॅन्सर मऊच असतात, आणि प्रत्येक कडक गाठ कॅन्सर नसते. शंका असेल तर खात्री बायोप्सीनेच होते.