जमीन विकसित करताय? मोजणीच्या या चुका टाळा

ठाण्यातल्या कोलशेतच्या एका साइटवरून तरुण इंजिनिअरचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, आपला प्लॉट समुद्राच्या खाली ५९ मीटर आहे! नकाशात तसंच आलंय." मी म्हटलं, घाबरू नकोस, पोहायला शिकायची गरज नाही. तुझा जीपीएस बरोबर मोजतोय, फक्त तू त्याला विचारलं नाहीस की शून्य कुठे धरलंय.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत मी बरीच वर्षं मोजणीची कामं करतो. यंत्राने दगा दिलाय असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. कामं अडकली ती एकाच कारणाने: आकडा बरोबर, पण तो कशापासून मोजला हे कोणी विचारलंच नाही. खालच्या बहुतेक चुका त्याच एका मुळावर उगवलेल्या आहेत.

लेव्हल: चार शून्यं आणि एक गोंधळ

डीजीपीएस (नेमकी मोजणी करणारा जीपीएस) जी उंची देतो ती समुद्रापासून नसते. पृथ्वीचा जो गणिती गुळगुळीत गोळा मानलाय, त्याच्यापासून असते. आपल्या किनाऱ्यावर समुद्राची सरासरी पातळी या गोळ्याच्या साठ-पासष्ट मीटर खाली पडते. म्हणून खाडीकाठची चार-पाच मीटर उंचीची जमीन यंत्रात उणे अठ्ठावन-एकोणसाठ दिसते. एवढी मोठी चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. भीती असते ती लहान चुकीची. सॉफ्टवेअरमध्ये जिऑइड मॉडेल (गोळा आणि समुद्रसपाटी यांतला फरक सांगणारं गणित) लावलं की आकडा समुद्रसपाटीला आला असं वाटतं, पण जगभरासाठी बनवलेलं मॉडेल आपल्या कोपऱ्यात काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर इकडेतिकडे जाऊ शकतं. सपाट खाजणात नाल्याला उतार द्यायचा तर एवढ्याने सगळं बिघडतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून, म्हणजे पातळी माहीत असलेल्या खुणेपासून, लेव्हल मशीनने जाऊन-येऊन पातळी आणा, मग मॉडेल त्या आकड्याला जुळवून घ्या. मूळ खुणेवर परत आल्यावर पडणारा फरक साध्या कामात २४√के मिलिमीटरच्या आत हवी, नेमक्या कामात १२√के. इथे 'के' म्हणजे किलोमीटरमधलं अंतर.

दुसरं शून्य मुंबईचं. मुंबई महापालिकेत टाऊन हॉल डेटम चालतो; डेटम म्हणजे जिथून उंची मोजायची ते शून्य. २७.५५ मीटर हा तिथल्या भरणीच्या पातळीचा आकडा मुंबईत काम केलेल्यांच्या तोंडी असतो. मुलुंड चेकनाका ओलांडला की तोच सल्लागार ठाण्याच्या प्लॉटचे ड्रॉइंग करतो आणि सवयीने जुनी टेम्प्लेट उघडतो, म्हणजे मुंबईचं शून्य ठाण्यात येऊन बसतं. तिसरं शून्य भरतीचं. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात छापून येतं, 'आज ४.८ मीटरची भरती'. हा आकडा चार्ट डेटमपासूनचा, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासूनचा. तो डेटम सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे, म्हणजे ती भरती समुद्रसपाटीच्या वर साधारण २.३ मीटर. शिवाय हा आकडा अपोलो बंदराकडचा. खाडीच्या आत शिरताना भरतीची वेळही बदलते आणि उंचीही.

चौथं शून्य सगळ्यांत लाडकं: गेटच्या खांबावर लाल रंगाने लिहिलेलं 'टीबीएम १००.०००', म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, ज्याची पातळी शंभर धरलीय. मोजणीवाल्याची सोय म्हणून ठीक आहे. प्लॉटच्या आतली खोदाई, प्लिंथ, रस्ते सगळं त्यावर नीट होतं. पण प्लॉटचं पाणी बाहेर सोडायची वेळ येते तेव्हा बाहेरचा नाला महापालिकेच्या किंवा सिडकोच्या पातळीत असतो आणि आपला शंभरात. दोन भाषा, मध्ये दुभाषी नाही. पहिल्याच दिवशी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून टाका: शंभर म्हणजे समुद्रसपाटीच्या वर किती. ती ओळ नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा, मग ते कितीही सुंदर असो.

७/१२ वरचं क्षेत्र म्हणजे जागेवरचं क्षेत्र नव्हे

घोडबंदर रोडला एका प्लॉटचा उतारा होता ०-४०-५०, म्हणजे ४,०५० चौरस मीटर. जवळजवळ एक एकर. खाजगी सर्व्हेअरने टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून चारी कंपाउंड मोजले, आकडा आसपास आला, सगळे खूश. आर्किटेक्टने प्लॅन काढले. मग सरकारी मोजणी झाली आणि भूमापकाने अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवली. एका बाजूची भिंत शेजाऱ्याच्या गटात घुसलेली, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची आपल्यात. हाती राहिले ३,९२०. मंजुरीत अशा वेळी जे क्षेत्र कमी तेच धरतात. १३० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १,४०० चौरस फूट, घोडबंदरच्या भावाने गेले. वर आणखी कटकट अशी की राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीत ०.४ हेक्टरच्या (४,००० चौरस मीटरच्या) वर आणि खाली खुल्या जागेचा नियम वेगळा. म्हणजे आधी काढलेला ले-आउटच रद्दी.

चूक खाजगी मोजणीत नव्हती. तिने वहिवाट मोजली, आणि वहिवाट म्हणजे हद्द नव्हे. क्रम उलटा झाला, एवढंच. आधी भूमी अभिलेखाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज, क-प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात, दगड रोवून झाले, मग टोटल स्टेशन. मोजणीला वेळ लागतो म्हणून लोक घाई करतात. त्यांना मी सांगतो, पोटहिस्सा असेल तर फाळणी (हिस्से वेगळे करणं) आणि आकारफोड (आकारणीची वाटणी) वेळेत करून घ्या, नाहीतर नकाशा मंजूर होऊनही फेरफार लटकतो.

लगतधारकांना नोटीस मिळाली का, मोजणीच्या दिवशी ते हजर होते का, हे जातीने पाहा. गैरहजर शेजारी नंतर हमखास उगवतो आणि निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागतो. आणखी एक: गावातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा. ओवळ्याजवळ एका आगरी काकांनी काठीने दाखवलं, "यो बांध माझ्या बापाचा, पलीकडं खाडी." कागदात बांधाची निशाणी होती, जागेवर भरणीखाली गाडली गेली होती. काकांच्या काठीने आमचा एक दिवस वाचवला.

हिशेबाची एक छोटी पण नेहमीची चूक: गुंठा आणि आर एकच समजणं. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा. मेट्रिकमध्ये १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र पुरे १००. चाळीस गुंठ्यांत सत्तेचाळीस चौरस मीटरचा फरक पडतो, एखादी वन-बीएचके.

गुगलवर गाव नकाशा ताणून बसवणं

हे करू नका. स्कॅन केलेल्या जुन्या नकाशाचा कागद आकसलेला, घडीवर फाटलेला, आणि उपग्रह चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. जागेची कल्पना यायला ठीक. त्यावरून कॉलम टाकायला नाही.

सिडकोचा दगड

नवी मुंबईत प्लॉट ताब्यात घेताना हद्दीचे दगड दाखवतात. दोन वर्षांनी काम सुरू होतं. तोवर शेजारच्या साइटच्या जेसीबीने दगड उचलून "जवळपास तिथेच" परत ठेवलेला असतो. दगड दिसला म्हणून त्यापासून सुरुवात करू नका. करारनाम्यातल्या नकाशाची मापं, रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर, आणि निदान दोन शेजारी प्लॉटांचे कोपरे, तिन्ही जुळले तरच तो दगड आपला.

खाजण, तिवरं आणि भरतीरेषा

खाडीकाठच्या जमिनीत मला दर वर्षी एक विनंती येते: "दादा, भरती कुठवर येते ते तुम्हीच मार्क करून द्या ना." नाही. सीआरझेडसाठी (किनारपट्टीच्या बांधकाम-नियमांसाठी) भरतीरेषा आखायचा अधिकार केंद्राने नेमलेल्या संस्थांनाच आहे. माझं काम त्यांनी दिलेली रेषा प्लॉटवर बिनचूक उतरवणं. इथेही शून्याचाच प्रश्न येतो, कारण त्यांची रेषा ज्या निर्देशांक पद्धतीत आहे त्यात आपला सर्व्हे नसेल तर रेषा सरकते. ठाणे आणि नवी मुंबई यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतात. फाइल कोणत्या पद्धतीत आहे हे विचारून घ्या.

तिवरं म्हणजे झाडं मोजून संपणारी गोष्ट नाही. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टाही नियमात आहे. कंपाउंडबाहेर तिवरं आहेत म्हणून सर्व्हे कंपाउंडपाशी थांबवला, तर हा पट्टा प्लॉटमध्ये किती घुसतो ते कळणारच नाही. येऊरच्या पायथ्यालाही तसंच. तिथे राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आणि खाजगी वनाच्या नोंदी तपासाव्या लागतात, आणि डोंगरावरून येणारा ओहोळ प्लॉटच्या वर कुठून येतो तेही मोजावं लागतं. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, म्हणून नकाशातून गायब होतो.

बुडणारा बेंचमार्क

खाडीकाठी मुरुमाची भरणी असते, खाली चिकणमाती. भरणीचं वजन आलं की माती पिळलेल्या फडक्यासारखी पाणी सोडत दबते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. ऐरोलीजवळ आम्ही एकदा टीबीएम भरणीवरच्या मोरीच्या कठड्यावर काढला. पावसाळ्यानंतर परत लेव्हल घेतल्या तर सगळी साइट चार सेंटिमीटर वर आलेली. साइट कशी वर येईल? मोरी खाली गेली होती. तेव्हापासून एक टीबीएम खडकावर किंवा पायलवर उभ्या असलेल्या बांधकामावर, आणि एकूण निदान तीन. तिघांची आपसात पातळी जुळत नसेल तर काम थांबवून आधी कोण हललं ते शोधायचं.

यंत्राची बाब थोडक्यात आटपतो. टोटल स्टेशनसमोर धरतो ते प्रिझम बदललं की यंत्रातला त्याचा कॉन्स्टंट (ठरावीक दुरुस्ती) बदला, नाहीतर प्रत्येक अंतरात तीसेक मिलिमीटरची चूक राहू शकते आणि सगळं "सुसंगत" दिसतं. लेव्हल मशीनची टू-पेग टेस्ट (यंत्राची रेषा आडवी आहे का ते तपासणं) महिन्यातून एकदा. दुपारी उन्हात तापलेल्या भरणीवर लांबचे शॉट नकोत. आणि कॉलमच्या सेंटर लाइनची आखणी दिल्यावर दोन्ही कर्ण टेपने स्वतः मोजा. चुन्याची रेघ सरळ दिसते म्हणून काटकोनात असतेच असं नाही.

पाणी उलटं येतंय?

नवी मुंबईच्या बऱ्याच भागाची जमीन मोठ्या भरतीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव आणि झडपा ठेवल्या. भरतीला झडप बंद होते, पाऊस तलावात थांबतो, ओहोटीला बाहेर जातो. प्लॉटमधला नाला या घड्याळाशी बांधलेला नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलट्या दिशेने येतं.

घणसोलीकडून एका इंजिनिअरचा असाच फोन आला. चेंबरमधून पाणी उसळतंय. मी तीन गोष्टी विचारल्या: बाहेरच्या नाल्याचा तळ किती, आपल्या पाइपचा तळ किती, आणि दोन्ही आकडे एकाच डेटमचे का? तिसऱ्यावर शांतता. मोजून पाहिलं तर आपला पाइप बाहेरच्या नाल्याच्या तळाच्या ३५ सेंटिमीटर खाली. शंभरचा टीबीएम कोणीतरी मोबाइलमधली उंची पाहून समुद्रसपाटीला बदलला होता.

पाइप उचलता येत नव्हता, म्हणून एक संप (पाणी साठवायचा खड्डा), एक पंप आणि नाल्याच्या तोंडाला झडप असं ठरलं. काल तो इंजिनिअर झडपेची ऑर्डर द्यायला निघाला होता. मी एवढंच विचारलं, तिच्या तळाची लेव्हल कशापासून घेतलीस रे? तो गाडीतून उतरला आणि लेव्हल मशीन काढायला परत आत गेला.