व्हिक्टोरियन शोकफोटो आणि आत्म्यांचे फोटो जमवताना या चुका टाळा

फोटोत पायांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसला की ‘हा मृतदेह उभा केलाय’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक सतत भेटतात. तो स्टँड जिवंत माणसांसाठी होता. एक्स्पोजरला, म्हणजे प्रतिमा उमटायला, कित्येक सेकंद लागायचे. तेवढा वेळ डोकं हलू नये म्हणून मानेमागे त्याचा टेकू देत. निर्जीव शरीराचा भार त्याला पेलणं शक्यच नाही. व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, 1837 ते 1901) कुटुंबं आपल्या मृतांचे फोटो काढून घेत हे खरं, पण बिछान्यावर, कोचावर, शवपेटीत किंवा आईच्या मांडीवर, बहुधा झोपल्यासारखे.

पुण्यातल्या एका ओळखीच्या तरुणानं ऑनलाइन लिलावात असाच एक टिनटाइप (लोखंडी पत्र्यावर उमटवलेला फोटो) घेतला. उभी मुलगी, पांढुरके डोळे, गालांवर गुलाबी रंग, बुटांमागे स्टँडचा पाय. विक्रेत्यानं ‘पोस्टमॉर्टेम’, म्हणजे मृत्यूनंतर काढलेला फोटो, असं लिहून साध्या टिनटाइपच्या कितीतरी पट किंमत लावली होती. मी त्या तरुणाच्या हातात भिंग दिलं आणि म्हटलं, “चेहरा सोड, आधी हात बघ.” उजव्या हाताची बोटं पुसट झाली होती, म्हणजे पोरगी हलली होती. डोळ्यांचं कारण रसायनात आहे. टिनटाइप ज्या ओल्या कोलोडियनच्या (एका चिकट रासायनिक थराच्या) पद्धतीनं काढत, तिच्यात निळा रंग फार उजळ उतरतो, त्यामुळे निळे डोळे जवळजवळ पांढरे दिसतात. आणि गाल तर जिवंत माणसांचेही सर्रास रंगवत. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत. पण मला पैशांपेक्षा त्या मुलीचं वाईट वाटतं. चांगला फ्रॉक घालून फोटोला उभ्या राहिलेल्या पोरीला इतक्या वर्षांनी कुणीतरी चार पैशांसाठी मेलेली ठरवलं.

म्हणून माझी सवय अशी: विक्रेत्यानं लिहिलेली गोष्ट वाचायची नाही. आधी हात, मग कपड्यांच्या कडा, मग पाठीमागची बाजू. गोष्ट सगळ्यात शेवटी.

काळे कपडे म्हणजे शोक, हेही डोक्यातून काढा. काळं रेशीम हा त्या काळचा ठेवणीतला पोशाख होता. सुरुवातीच्या कडक शोकात क्रेप नावाचं कापड वापरत. त्याला चमक नसते आणि भिंगाखाली त्याचा सुरकुतलेला पोत दिसतो.

बाळामागे चादरीत झाकलेली आकृती भूत नसते. बाळाला स्थिर धरून बसलेली ती आई किंवा दाई असते.

आत्म्यांच्या फोटोंमध्ये, म्हणजे जिवंत माणसाशेजारी मृताची धूसर आकृती दाखवणाऱ्या फोटोंमध्ये, घाई जास्त महागात पडते. बोस्टनच्या विल्यम मम्लर या फोटोग्राफरनं 1860च्या दशकात हा धंदा सुरू केला. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, प्रसिद्ध खेळ-तमाशेवाला पी. टी. बार्नम यानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तरी तो सुटला. लंडनमध्ये 1872 पासून फ्रेडरिक हडसन हेच करत होता. असेच फोटो काढणाऱ्या पॅरिसच्या ब्युगेला मात्र 1875 साली शिक्षा झाली. इंग्लंडच्या विल्यम होपचे असे फोटो विसाव्या शतकातले आहेत, त्यांना व्हिक्टोरियन म्हणून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. शिवाय प्रत्येक पारदर्शक आकृतीमागे शोक नसतो. एक्स्पोजर चालू असताना मधेच बाजूला होणारा माणूस अर्धपारदर्शक उमटतो, ही युक्ती शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरनं 1856 साली छापून सांगितली होती. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीनं तशी भुतांची जोडचित्रं (दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिल्यावर खोली दिसणारी) निव्वळ करमणूक म्हणून विकली.

मेरी टॉड लिंकनच्या खांद्यांवर तिचा मृत नवरा अब्राहम लिंकनचे हात दिसतात, तो मम्लरचा फोटो ‘मूळ प्रत’ म्हणून दाखवला तर भिंग काढा. छपाईच्या ठिपक्यांची जाळी दिसली की ती छापलेली नक्कल, विषय संपला. खऱ्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरच्या) प्रतीत पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, कागदाचे तंतू दिसतात आणि उजळ भाग बहुधा पिवळसर झालेले असतात.

अमेरिकन फोटोच्या पाठीवर महसुली तिकीट असेल तर तो साधारण सप्टेंबर 1864 ते ऑगस्ट 1866 मधला. ते तिकीट सोलू नका.

आता पुसण्याबद्दल. डॅगरोटाइपवर (काचेखाली डबीत ठेवलेल्या, धातूच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोवर) काळसर-निळी झाक दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. इंटरनेटवर कापसाचे आणि चांदीच्या पॉलिशचे उपायही मिळतात. कृपा करून करू नका. ती प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पारा आणि चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी बनलेली असते. कापूस एकदा फिरला की चेहऱ्याच्या जागी ओरखडे उरतात आणि ते कुणालाच भरून काढता येत नाहीत. काचेच्या आत काही बिघडलं असेल तर ते काम फोटो-संवर्धकाचं. मी स्वतः डॅगरोटाइपच्या काचेचं सीलही उघडत नाही. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवा. पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम घरातच नकोत. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या.

नवीन असाल तर काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांची, कॅबिनेट आकाराची (पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी) स्मृतिपत्रं घ्या. उत्तर-व्हिक्टोरियन काळात ती भरपूर निघाली, म्हणून तुलनेनं स्वस्त मिळतात. त्यावर मृताचं नाव, वय आणि तारीख छापलेली असते, त्यामुळे गोष्ट रचायला विक्रेत्याला जागाच उरत नाही.