बॉयलर-स्टोव्हवर घर आणि पाणी तापवायचं तर

गॅसचा बॉयलर एका बटनावर गप्प बसतो. लाकडा-कोळशाच्या स्टोव्हला तसं बटन नसतं. आत चार-पाच किलो सरपण रसरसून पेटलंय आणि वीज गेली, तर गरम पाणी घरभर फिरवणारा पंप थांबतो, जाळ थांबत नाही. पाणी तापतच राहतं. पाइपजोडणी हा माझा धंदा. असा स्टोव्ह बसवायला बोलावणारे लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे धातूचे पॅनल) चालतील?" मी त्यांना उलट विचारतो, "पंप बंद पडला तर ही धग कुठे जाणार?" याचं उत्तर कागदावर काढून झाल्याशिवाय मी पाइपाला हात लावत नाही.

दिसायला हा स्टोव्ह इतरांसारखाच असतो, काचेचं दार आणि आत जाळ. फरक भट्टीच्या भिंतीत आहे. मागे, कधी बाजूंना आणि वरही ती दुहेरी असते आणि मधल्या पोकळीत पाणी असतं. म्हणून त्याची क्षमता दोन आकड्यांत सांगतात, खोलीला किती आणि पाण्याला किती. उदाहरणार्थ 12 किलोवॅटच्या स्टोव्हमधले 4 खोलीला, 8 पाण्याला.

निवडताना आधी खोलीचा आकडा बघा. मध्यम इन्सुलेशन असलेल्या 50 घनमीटर खोलीला थंड हवामानात साधारण दोन-अडीच किलोवॅट पुरतात. तिथे खोलीला सहा देणारा स्टोव्ह ठेवलात तर तुम्ही खिडक्या उघडाल किंवा हवेची झडप आवळून जाळ कोंडून ठेवाल. दुसरं जास्त वाईट. कोंडलेला जाळ धुमसतो आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसवतो. "थोडा मोठाच घेऊ, असू दे" हे इथे चालत नाही.

पाण्याच्या बाजूचा हिशोब सोपा आहे. 200 लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला साडेदहा किलोवॅट-तास उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे 4 किलोवॅट-तास असतात. त्यातले 70 टक्के घरात आले आणि त्यांतले दोन-तृतीयांश पाण्यात गेले असं धरा, म्हणजे नुसत्या अंघोळीच्या टाकीला साडेपाच-सहा किलो सरपण लागतं. रेडिएटरचं वेगळं. शिवाय रेडिएटरच्या माहितीपत्रकातला आकडा पाणी सरासरी 70 अंशांवर आणि खोली 20 वर असतानाचा असतो. तुमचं पाणी 55 च्या आसपास फिरणार असेल तर त्यातले साठेक टक्केच हाती येतात. कागदावर पुरणारे रेडिएटर थंडीत कमी का पडतात, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मला पसंत असलेली पद्धत उघड्या टाकीची. घराच्या सगळ्यात उंच जागी एक छोटी भरणटाकी ठेवायची. तिच्यातून एक पाइप खाली यंत्रणेला पाणी पुरवतो. दुसरा, म्हणजे व्हेंट पाइप, स्टोव्हच्या वरच्या तोंडापासून अखंड चढत जाऊन टाकीवर वळतो आणि उघडा राहतो. पाणी उकळलंच तर वाफ आणि गरम पाणी या वाटेने बाहेर पडतं. बंबाला वर मोकळं तोंड असतं ना, तेच काम हा पाइप करतो. त्याचा व्यास 22 मिलिमीटरपेक्षा कमी नको, तो कुठेही खाली वाकलेला नको आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह तर मुळीच नको. एका घरात टाकीत पाणी ठिबकतं म्हणून कुणीतरी त्या पाइपला व्हॉल्व्ह बसवला होता. जाळ पूर्ण विझेपर्यंत मी थांबलो आणि आधी तो व्हॉल्व्ह कापून काढला, बाकीचं बोलणं नंतर. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. तिला वाट मिळाली नाही तर ती लोखंड फाडून वाट काढते. ठिबकण्याचं कारण पंपाचा वेग जास्त असणं हे होतं, आणि तो वेग कमी केल्यावर ते थांबलं.

टाकी काठोकाठ भरू नका. 10 अंशांवरून 90 वर जाताना पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं, म्हणजे 150 लिटरच्या यंत्रणेत पाच लिटरहून जास्त जागा मोकळी हवी. टाकी उकळतं पाणी सोसणारी असावी आणि तिच्या पूर्ण तळाला फळीचा आधार असावा. गरम झालेलं प्लॅस्टिक दोन पट्ट्यांवर टिकत नाही, लोंबतं.

काही देशांत बंद दाबाची यंत्रणाही चालते. पण तिथे स्टोव्ह त्यासाठीच बनवलेला लागतो, दाबाचा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, आणि पाणी 95 अंशांच्या आसपास गेलं की आपोआप उघडून नळाचं थंड पाणी आतल्या कॉइलमधून फिरवणारा व्हॉल्व्ह लागतो. विजेबरोबर नळाचं पाणीही जाणाऱ्या घरात या व्हॉल्व्हचा काही उपयोग नाही. तुमच्याकडे काय मान्य आहे आणि काम कुणी करायचं याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या. हे घरच्या घरी शिकत करण्याचं काम नव्हे. काय मागायचं ते कळावं म्हणून मी एवढं लिहितोय.

वीज नसतानाही उष्णता जायला हवी, त्यासाठी गरम पाण्याची टाकी स्टोव्हच्या वरच्या पातळीवर ठेवा आणि दोन्हींना 28 मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपांनी जोडा. पाइप सतत चढता असला की हलकं गरम पाणी वर जातं, जड थंड पाणी खाली येतं, पंप लागतच नाही. याच फेऱ्यात एक रेडिएटर असा बसवायचा की जो कुणालाही बंद करता येणार नाही. त्याचे हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह काढूनच टाका. बाथरूममध्ये तो छान वसतो, टॉवेल वाळतात. बाकीचे रेडिएटर पंपावर चालू द्या. स्टोव्हजवळ प्लॅस्टिक पाइप लावू नका.

पंपाला पाइपवरचा थर्मोस्टॅट लावा आणि पाणी 50-55 अंशांवर आल्यावरच पंप सुरू होईल असं बघा. परतीच्या पाइपवर लोडिंग व्हॉल्व्ह हवा. स्टोव्हमधलं थोडं गरम पाणी परतणाऱ्या थंड पाण्यात मिसळून तो परती 55-60 च्या खाली जाऊ देत नाही. हा भाग वगळून लोक पैसे वाचवतात आणि नंतर भट्टी बदलतात. सगळ्या घरातून फिरून आलेलं गार पाणी थेट आत शिरलं की भट्टीची भिंत थंड पडते, धुरातली वाफ तिच्यावर घामासारखी जमते, तिच्यात डांबर आणि आम्ल मिसळतं आणि पोलाद आतून खाल्लं जातं.

गरम पाण्याची टाकी 60 अंशांपर्यंत नेत जा. कोमट साठ्यात लिजिओनेलासारखे जीवाणू वाढतात. पण लाकडाचा जाळ टाकीला 60 च्या बराच वर नेऊ शकतो आणि तेवढं पाणी कातडी भाजतं. म्हणून नळाआधी थंड-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह लावा, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. जागा असेल तर मोठी साठवण टाकी घ्या, प्रत्येक किलोवॅटमागे साधारण 50 लिटर. मग दोन-तीन तास जोरात जाळून उष्णता पाण्यात साठवता येते आणि रात्रभर पुरवता येते. माझ्या मते या सगळ्या खर्चात सर्वांत शहाणा खर्च हा.

सरपणाबद्दल लोक ऐकून घेतात आणि करत नाहीत. ओलावा 20 टक्क्यांखाली हवा. नुकत्या तोडलेल्या झाडात निम्मं पाणी असतं. त्या लाकडातून किलोला जेमतेम दोन-सव्वादोन किलोवॅट-तास मिळतात आणि वाफेने धुराडं माखतं. फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असं रचून एक ते दोन वर्षं वाळू द्या. ओलावा मोजायचा तर तुकडा पुन्हा फोडा आणि ताज्या बाजूवर मीटर टोचा. बाहेरची साल नेहमी कोरडीच सांगते. रंगवलेलं, रसायन लावलेलं लाकूड आणि चिकटवलेल्या फळ्या जाळायच्या नाहीत.

लाकूड राखेच्या दोनेक सेंटिमीटर थरावर, वरून येणाऱ्या हवेवर चांगलं जळतं. दगडी कोळशाला जाळीखालून हवा लागते, त्यामुळे राखेचा ट्रे तुडुंब ठेवला तर जाळी जळून वाकते. दोन्ही एकत्र जाळू नका. लाकडातली वाफ आणि कोळशातलं गंधक मिळून आम्ल तयार होतं. कोणतं इंधन चालतं हे स्टोव्हच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पेट्रोलियम कोकला, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना उरणाऱ्या कोळशासारख्या इंधनाला, बहुतेक ठिकाणी मनाई आढळेल, त्याची आच जाळीला पेलत नाही.

पेटवताना जाड फोडी खाली, बारीक वर आणि सगळ्यात वर ढलप्या ठेवा. आग माथ्याला लावा. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि धूर ज्वाळेतून जात असल्याने बराचसा जळतो. हवा पूर्ण उघडी ठेवा. धुराच्या एकेरी पाइपवर थर्मामीटर लावलात तर साधारण 115 ते 245 अंशांच्या पट्ट्यात काटा राहिला पाहिजे. खाली राहिला तर डांबर जमतंय, वर गेला तर उष्णता धुराड्यातून पळतेय आणि स्टोव्हवर ताण येतोय. पाण्यामुळे हा स्टोव्ह सुरुवातीला मंद वाटतो, दारात बसून फुंकत राहू नका. निखारे झाले की एका वेळी दोन फोडी टाका, दहा नकोत. नव्या स्टोव्हला पहिले काही जाळ छोटेच द्या, आतल्या विटा आणि रंग सावकाश तापू द्या.

रात्री सरपण ठासून हवा बंद करून झोपायची सवय असेल तर ती मोडा. पाण्यामुळे या भट्टीच्या भिंती आधीच थंड असतात, त्यात धुमसता जाळ म्हणजे सकाळपर्यंत काळा लेप.

आठवड्यातून एकदा, थंड असताना, पाण्याच्या भिंतींवरची काजळी खरवडून काढा. काजळी उत्तम इन्सुलेशन आहे, नको तिथलं. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून डबा घराबाहेर ठेवा. राखेतले निखारे दिवसाहून जास्त धुगधुगत राहू शकतात आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. स्टोव्हच्या खोलीत त्याचा अलार्म हवाच आणि बाहेरची हवा आत यायला कायम उघडी जाळीही हवी. थंडी येते म्हणून त्या जाळीत कापड कोंबलेलं दिसलं की मी चिडतो. धुराडं वर्षातून एकदा तरी झाडून घ्या, लाकूड जास्त जळत असेल तर दोनदा.

पाइपांतून ठोकल्यासारखा किंवा खदखदण्याचा आवाज आला तर पाणी उकळतंय. हवेच्या झडपा बंद करा, दार उघडू नका, सगळे रेडिएटर उघडा, पंप चालतोय का बघा. गरम नळ मोकळा सोडा, म्हणजे टाकीत थंड पाणी येऊन ती आणखी उष्णता ओढेल. हात लावू नका, ते पाणी भाजणारं असेल. जाळावर पाणी ओतायचं नाही. यंत्रणेतलं पाणी संपलेलं आढळलं तर तापलेल्या रिकाम्या बॉयलरमध्ये थंड पाणी सोडायचं नाही, पूर्ण गार होऊ द्या. पाइप गोठल्याची शंका असली तर पेटवूच नका. धुराड्यात घरघर आवाज करत आग लागली तर हवा बंद करा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

उन्हाळ्यात नुसत्या अंघोळीच्या पाण्यासाठी हा स्टोव्ह पेटवू नका, खोली भाजून निघते. टाकीत विजेची कॉइल बसवून घ्या किंवा छतावरच्या सौर पॅनलला जोडा. पाणी यंत्रणेतच राहू द्या, गंज रोखणारं द्रव्य घातलेलं. सारखं रिकामं करून भरलं की ताजी हवा शिरते आणि गंज वाढतो. राख पूर्ण काढा, कारण ती ओल धरते, आणि दार किंचित उघडं ठेवा. पुढच्या हंगामात पेटवण्याआधी भरणटाकीत पाणी आहे का, तिच्यात आपोआप पाणी घेणारा फ्लोट मोकळा हलतो का, व्हेंट पाइपचं तोंड उघडं आहे का आणि धुराड्यात पक्ष्याने घरटं केलंय का, हे बघा. शेवटी एक कागद पेटवून भट्टीत धरा. धूर खोलीत परतला तर त्या दिवशी पेटवायचं नाही.