ओपॉसम आणि मातीतला जिवाणू यांची जनुकं ताडून पाहताना या चुका टाळा

आखूड शेपटीचा राखाडी ओपॉसम (उंदरासारखा दिसणारा छोटा सस्तन प्राणी) आणि मातीतला जिवाणू बॅसिलस सब्टिलिस यांचे जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, ताडून पाहणाऱ्या नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक एकच: ‘ओपॉसममध्ये जिवाणूचं जनुक सापडलं!’ आधी नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंचा डीएनए आठवा. 2015 मध्ये जलअस्वल या सूक्ष्म प्राण्याच्या जिनोमबाबत हेच झालं. सुमारे सहावा हिस्सा जनुकं बाहेरून आल्याचा दावा छापून आला आणि काही महिन्यांतच दुसऱ्या गटांनी त्यातली बहुतेक जनुकं मिसळलेल्या जिवाणूंची असल्याचं दाखवलं.

म्हणून ते जनुक ज्या कॉन्टिगवर (वाचलेले तुकडे जोडून तयार झालेल्या डीएनएच्या सलग पट्टीवर) सापडलं, आधी तो कॉन्टिग उघडा. त्यावर फक्त जिवाणूंचीच जनुकं असतील तर तो बाजूला काढा. दोन्ही बाजूंना ओपॉसमची ओळखीची जनुकं हवीत, रीड्सची (यंत्राने वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची) खोली, म्हणजे तो भाग किती वेळा वाचला गेला ते, शेजारच्या भागाइतकी हवी, आणि ओपॉसमचा डीएनए व ते जनुक यांच्या सांध्यावरून सलग जाणारे लांब रीड्स हवेत. इन्ट्रॉन (जनुकातला प्रथिनात न उतरणारा, मधला भाग) असणं ही जमेची बाजू, पण नसणं हा पुरावा नव्हे. हिस्टोनच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) बहुतेक जनुकांतही इन्ट्रॉन नसतात. या तपासाला कंटाळणाऱ्याने असा दावा करूच नये.

इतकं करूनही साम्य उरलं, तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकाचा) विचार करा. ओपॉसमचं एचएसपी60 आणि बॅसिलसचं ग्रोईएल या इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करणाऱ्या प्रथिनांची सुमारे निम्मी अमिनो आम्लं जुळतात. हा मायटोकॉन्ड्रियाच्या जिवाणू-पूर्वजाकडून आलेला जुना वारसा आहे, अलीकडची उसनवारी नाही.

डीएनएशी डीएनए जुळवू नका. इतक्या दूरच्या नात्यात कोडॉनच्या (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांच्या) तिसऱ्या अक्षरातलं साम्य केव्हाच पुसलं गेलेलं असतं; प्रथिनं जुळवा.

भाषांतराचा तक्ता (कोणत्या कोडॉनचं कोणतं अमिनो आम्ल हे सांगणारा, क्रमांकाने ओळखला जाणारा) तपासा: बॅसिलसला 11, ओपॉसमच्या केंद्रकातल्या जनुकांना 1, मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांना 2. तक्ता 2 मध्ये टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, तर तक्ता 1 मध्ये थांबण्याची खूण. तिथे 1 लावला की प्रथिन मध्येच तुटतं. बॅसिलसची बरीच जनुकं टीटीजी किंवा जीटीजीने सुरू होतात, पण पहिलं अमिनो आम्ल मेथिओनिनच असतं. फक्त एटीजी (नेहमीचा सुरुवातीचा कोडॉन) शोधत बसलात तर सुरुवात चुकेल.

वेगवेगळ्या डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यूंची (इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल त्या अंदाजांची) तुलना नको. डेटाबेस दहापट मोठा झाला की त्याच गुणांची ई-व्हॅल्यूही साधारण दहापट होते. बिट स्कोअर (डेटाबेसच्या आकारावर न ठरणारे साम्याचे गुण) घ्या आणि प्रथिनाचा किती भाग जुळला तेही पाहा. एका छोट्या डोमेनवरून (प्रथिनाच्या स्वतंत्र भागावरून) ‘तेच प्रथिन’ म्हणणं हा शुद्ध उतावळेपणा आहे.

आकारावरून जनुकांचा अंदाज बांधू नका: ओपॉसमचा जिनोम सुमारे 350 कोटी बेसचा, बॅसिलसचा 42 लाखांचा. फरक आठशे पटींहून जास्त, पण प्रथिनं घडवणारी जनुकं जेमतेम पाचपट.