जुन्या गाडीचा पिकअप कमी झाल्यास दोष कसा शोधावा

गाडी ओढत नाही, चढावर दम सोडते, अशी तक्रार असली की बॉनेट उघडण्यापूर्वी दोष खरोखर इंजिनातच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण चांगल्या इंजिनाची ताकद वाटेतच खाणाऱ्या गोष्टी जुन्या गाडीत पुष्कळ असतात. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढत जातो, पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरत आहे. काही किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. टायरमधील हवाही याच वेळी तपासावी.

यानंतरची पायरी हत्यारांची नसून निरीक्षणाची आहे, आणि माझ्या मते अर्धे निदान तिथेच होते. दोष केव्हा दिसतो हे कागदावर लिहून काढावे. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) इंजिन थरथरते, पण वेगात सुरळीत चालते, असे असेल तर बाहेरून हवा शिरण्याचा संशय घ्यावा. आयडलिंग उत्तम, पण भार पडला की आचके, असे असेल तर इंधन अपुरे पडत असेल किंवा ठिणगी कमकुवत असेल, कारण भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. थंड असताना चांगली आणि तापल्यावर मंद होणाऱ्या गाडीत इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी) गरम होऊन निकामी होत असण्याची शक्यता असते.

माझ्या कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) जुन्या गाडीला अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर हमखास धाप लागत असे आणि थोडा वेळ उभी केली की ती पुन्हा व्यवस्थित धावे. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ झाला, पंपही बदलला. शेवटी रस्त्याच्या कडेला, इंजिन मंदावलेले असतानाच, मी पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले आणि हवा आत ओढली जात असल्याचा लांब फुत्कार ऐकू आला. झाकणातील हवेचे बारीक छिद्र मातीने बुजले होते. टाकीत निर्वात होऊन पेट्रोल पुढे येईनासे झाले होते. दोष कधी येतो हे आधी नीट लिहिले असते, तर पंप बदलण्याची वेळ आली नसती.

आता बॉनेट उघडावे. इंजिन चालू ठेवून करायचे सर्व काम मोकळ्या जागेत करावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा आणि उजेड आरपार दिसत नसेल तर तो बदलावा. मग इंजिन बंद असताना कोणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगून थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडतो का हे पाहावे. केबल वर्षानुवर्षे ताणून सैल झालेली असते आणि पायाखालचे पेडल तळाला टेकले तरी थ्रॉटल पाऊणच उघडतो. हा दोष आश्चर्य वाटावे इतका वारंवार आढळतो. गरम झाल्यावरही चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) अर्धवट बंद राहत नाही ना, तेही पाहावे.

स्पार्क प्लग हा आतल्या ज्वलनाचा सर्वात विश्वासू साक्षीदार आहे. ते काढताना कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात राहील अशा रीतीने ओळीने ठेवावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त, ओले तेलकट टोक म्हणजे ऑइल वर चढते आहे, आणि पांढरेफटक टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. चारही प्लग सारखेच बिघडलेले असतील तर कारण सामाईक असते, आणि एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरवर लक्ष द्यावे. प्लगच्या वायरी तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे रात्री अंधारात इंजिन चालू करून, हात न लावता, नुसते पाहणे. वायरचे आवरण फुटले असेल तिथे निळसर ठिणग्या दिसतात. पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंटची झीज व फट तपासून, त्यानंतरच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावावे, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते.

हवेची गळती शोधताना रबरी नळ्यांची टोके बोटांनी वाकवून पाहावीत. वाळलेले रबर तिथेच तडकते. चालू इंजिनात एकेक व्हॅक्यूम नळी (इंजिनातील निर्वात ओढ इतर भागांना पोचवणारी रबरी नळी) पक्कडीने हलकेच दाबावी. जी दाबल्यावर आयडलिंग सुधारते, त्या नळीत किंवा तिच्या पुढे गळती आहे. व्हॅक्यूम गेज असेल तर काम अधिक सुकर होते. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीजवळ पाऱ्याचे सुमारे १७ ते २१ इंच दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमी धरावा. काटा स्थिर, पण वाचन कमी, असे असल्यास टायमिंग मागे पडले आहे किंवा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) एखादा दात सरकला आहे का, हे तपासावे.

इंधनाच्या बाजूने फिल्टर आधी बदलावा आणि मग पंपाचा दाब गेजने मोजावा. कार्बोरेटरच्या आणि इंजेक्शनच्या गाडीतील दाबात मोठा फरक असल्याने आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

इथपर्यंत काही सापडले नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, प्लगच्या जागी गेज लावून मोजावे. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सर्व प्लग बाहेर, इग्निशन व इंधन बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच ठोके द्यावेत. थ्रॉटल बंद राहिल्यास आकडे खोटे कमी येतात. बहुतेक पेट्रोल इंजिनांत वाचन १२० ते १८० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान येते, पण सिलिंडरांमधील परस्पर फरक अधिक बोलका असतो आणि तो १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब चांगलाच वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिन ब्लॉक व हेड यांच्यामधला सील) वळावे. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील, तर त्यांच्या मधले गॅस्केट गेले असण्याचीच शक्यता अधिक आहे.

कॉम्प्रेशनही चांगले निघाले आणि गाडी तरीही वेगात गुदमरत असेल, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) आतून चोंदला आहे का ते पाहावे. व्हॅक्यूम गेज लावून इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरावे. धूर मागे साचत असेल, तर काटा सुरुवातीला नेहमीच्या जागी जाऊन नंतर हळूहळू खाली उतरत जातो.