बी.एड.च्या आधीचे महिने: साताऱ्याच्या एका गणित शिक्षिकेकडून

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्याकडे दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, येतात आणि त्यातले काही माझ्या तासांवर असतात. त्यांची टाचणं, म्हणजे पाठाची लेखी आखणी, मी तपासते, पाठ मागच्या बाकावर बसून पाहते. यंदा बी.एड.ची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, देणाऱ्या, किंवा देऊन प्रवेशाची वाट बघणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की सीईटी आणि कॉलेज सुरू होणं यांच्या मधले महिने वाट बघण्यात घालवू नका. ते पाचवी ते दहावीच्या पुस्तकांना द्या.

त्याआधी घरच्यांसोबत बसून एक हिशोब करा. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. लहान मुलांना शिकवण्याचीच ओढ असेल तर वाट आत्ताच बदला. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. तो १५० गुणांचा असतो आणि खुल्या गटाला ६० टक्के मिळवावे लागतात. त्यानंतर २०० गुणांची टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवरची भरती. निवड झाली तरी सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. हे सगळं समजून उमजून या. घरात मुलगा किंवा सून दोन वर्षं शिकणार आणि लगेच पगार सुरू होणार नाही, हे आधी बोललेलं असलं की पुढे अभ्यासाच्या वेळी कटकट होत नाही.

सीईटीचं मी थोडक्यात सांगते, कारण तिचं ओझं मुलं गरजेपेक्षा जास्त घेतात. परीक्षा संगणकावर असते. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, तेव्हा घड्याळ लावून सराव करा. मालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, आकृत्या यांचा रोज थोडा सराव पुरतो. अभियोग्यतेच्या प्रश्नांत वर्गातला प्रसंग देऊन शिक्षकाने काय करावं असं विचारतात. मुलाला अपमानित करणारा, वर्गाबाहेर काढणारा किंवा थेट पालकांवर ढकलणारा पर्याय बाजूला काढला की उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणी वेगळी द्यावी लागते. तिचा अर्ज विसरू नका.

कागदपत्रांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. प्रवेश फेरीत मुलं अडकतात ती गुणांपेक्षा दाखल्यांमुळे. पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. यातलं तुम्हाला जे लागू असेल ते सीईटीचा अर्ज भरताच गोळा करायला लागा. सेतू केंद्रात निकालाच्या दिवसांत गर्दी उसळते आणि जात पडताळणीला तर महिने जातात. लग्न झालेल्या मुलींनी नावाकडे खास लक्ष द्यावं. पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. सीईटीच्या अर्जात नाव पदवीच्या कागदांप्रमाणेच टाका. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के लागतात. काठावर असाल तर टक्केवारी कशी धरली जाते ते विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरच पाहून घ्या.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन या. आपल्या पदवीच्या विषयाला कोणती अध्यापन पद्धती (म्हणजे बी.एड.मध्ये शिकवायला शिकण्याचा शालेय विषय) मिळते ते कार्यालयात विचारा, कारण काही विषय शाळेत शिकवलेच जात नाहीत आणि त्या मुलांना दुसरी पद्धती घ्यावी लागते. सराव पाठ कोणत्या शाळांत होतात, तिथे जायला एसटी सोयीची आहे का, हेही विचारा. खटाव-माणमधून रोज साताऱ्याला येणाऱ्या मुलींची ओढाताण मी पाहिली आहे. त्यांनी वसतिगृहाची चौकशी आधीच करावी. आणि कुणी सांगितलं, "हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या," तर तिथून उठून या. नियमाप्रमाणे तासांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. पण मला नियमापेक्षा त्या मुलांची काळजी वाटते. न शिकता मिळालेलं प्रमाणपत्र घेऊन चाळीस मुलांसमोर उभं राहणं फार जड जातं, आणि त्या चाळीस मुलांचंही त्यात वर्ष जातं.

आता पुस्तकांकडे येते. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, पण शक्य असेल तर छापील घ्या, कारण समासात लिहायचं आहे. गावातल्या मुलांकडे मागच्या वर्षीची पडून असतात, तीही चालतील. आपल्या विषयाची पाचवी ते दहावीची सगळी पुस्तकं ओळीने वाचा. वाचताना प्रत्येक पानावर स्वतःला विचारायचं, इथे मुलगा 'का?' म्हणाला तर मी काय सांगेन? जिथे उत्तर सुचत नाही तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम.

एक प्रसंग सांगते. एम.एस्सी.ला उत्तम गुण असलेली एक छात्राध्यापिका सहावीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?" उत्तर आलं, "तसा नियम आहे." पोरगी गप्प बसली, पण तिचा चेहरा मला मागून दिसला नाही तरी कळला. पाठ संपल्यावर आम्ही दोघींनी तो प्रश्न सोडवला. पाऊण किलो कंदी पेढे आहेत, पाव-पाव किलोचे पुडे करायचे. किती होतील? साताऱ्यातलं कुठलंही मूल तीन म्हणेल, उलटंपालटं न करता. मग विचारायचं, एका किलोचे किती पुडे? चार. म्हणजे पाव किलोने भागणं आणि चारने गुणणं एकच झालं, आणि पाऊण किलोचे पाऊण गुणिले चार, म्हणजे तीन. नियम मुलाच्याच तोंडून निघाला. दुसऱ्या दिवशी तिने तोच पाठ पुन्हा घेतला आणि वर्ग उसळून उत्तरं देत होता. अशी उत्तरं ऐनवेळी सुचत नाहीत, त्यासाठी निवांत महिने लागतात. ऋण गुणिले ऋण धन का, शून्याने भागायचं का नाही, त्रिकोणाच्या क्षेत्रफळात अर्धा कुठून आला, यांवरही असंच बसा.

गणित नसलेल्यांनाही हेच लागू आहे. भूगोल घेणाऱ्यांना तर आपला जिल्हा म्हणजे उघडं पुस्तक आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया शिकवायला दुसरं उदाहरण शोधायची गरज काय? माणमधल्या दहिवडीच्या मुलाला पाण्याचा टँकर माहीत आहे, त्याला फक्त ढग कुठे रिकामे होतात ते दाखवायचं. इतिहासवाल्यांनी प्रतिसरकारचा धडा काढून सातारा-सांगलीच्या गावागावांत त्याच्या काय आठवणी सांगितल्या जातात ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावं. भाषेच्या मुलांनी रोज एक कविता आणि एक उतारा मोठ्याने वाचावा, ध्वनिमुद्रण करून ऐकावा. प्रकट वाचनात दम कुठे तुटतो ते त्याशिवाय कळत नाही.

फळ्याचा सराव घरी करता येतो. प्लायवूडच्या तुकड्याला काळा रंग मारून घ्या, नाहीतर जवळच्या शाळेत सुट्टीनंतर परवानगी घेऊन लिहा. ओळ उजवीकडे वर चढते का, अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येतं का, हे स्वतः मागे जाऊन पाहायचं. लिहिताना पूर्ण पाठ वर्गाकडे करू नका, थोडं तिरकं उभं राहून लिहायची सवय लावा. फळ्याचा कोणता भाग पुसायचा आणि कोणता तासभर ठेवायचा, हे आधी कागदावर आखा. पुढे टाचणात याच आखणीला फलक आराखडा म्हणून जागा असते.

शेजारची चार-पाच मुलं जमवून शिकवायलाही आत्ताच सुरुवात करा. पैसे घेऊ नका, म्हणजे निकालाचं दडपण राहत नाही. एका वेळी एकच छोटा मुद्दा घ्या, सहा मिनिटांत संपवा. सहा मिनिटं म्हणण्याचं कारण असं, की कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ, येतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या चक्रात सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा अध्यापन आणि सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं काम असतं. प्रश्न विचारणं, फलकलेखन, स्पष्टीकरण, चेतक बदल (लक्ष टिकवायला आवाज, हालचाल बदलत राहणं), अशी एकेक कौशल्यं त्यात सुटी करून घोटून घेतात. समोर सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात, त्यामुळे सुरुवातीला सगळे लाजतात. ज्याने खऱ्या मुलांपुढे तोंड उघडलेलं असतं त्याची लाज लवकर जाते. प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचं, एवढं एक पथ्य पाळा. बहुतेक छात्राध्यापक प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतात.

टाचणाची भीती बाळगू नका. उद्दिष्टं व स्पष्टीकरणं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ हे रकाने कॉलेजात शिकवतीलच, आणि प्रत्येक कॉलेजचा नमुना थोडा वेगळा असतो. बाजारातली तयार टाचणं विकत घेऊन उतरवू नका. तपासणाऱ्याला ती दोन ओळींत ओळखू येतात.

शेवटचं काम, आणि ते जमलं तर जरूर करा: आपल्या जुन्या शाळेत जाऊन काही तास मागे बसून बघा. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, तेव्हापासून इथल्या शाळांना शिकाऊ शिक्षकांची सवय आहे. नीट विचारलं तर मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. बघताना शिक्षकापेक्षा मुलांकडे बघा. मागच्या बाकावरची मुलं कोणत्या क्षणी वहीतून डोकं वर काढतात, उत्तर चुकलेल्या मुलाला शिक्षक पुढे काय म्हणतात, तासाच्या कोणत्या मिनिटाला कुजबुज सुरू होते, हे वहीत वेळ घालून टिपा. मुलांची नावं लिहू नका आणि फोन बाहेर काढू नका. मुख्याध्यापकांना भेटायला परिपाठाच्या धांदलीत जाऊ नका, मधल्या सुट्टीनंतर जा. सोबत हाताने लिहिलेला साधा अर्ज आणि पदवीच्या गुणपत्रिकेची प्रत ठेवा. ज्यांच्या तासाला बसायचं त्या शिक्षकांनाही आदल्या दिवशी भेटून विचारा, कारण तास त्यांचा आहे.